शिरपूरच्या तंबूतला चिनी खेळ

शिरपूरच्या यात्रेत तंबूचा सिनेमा आला, तेव्हा माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते आणि सासरी मी "हो जी", "नाही जी" यापुढे काही बोलले नव्हते. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी आम्हा सुनांना बैलगाडीतून दिवेलागणीच्या खेळाला नेलं. सिनेमा मी कधी पाहिलाच नव्हता. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये कनात.

पडद्यावर उजेड पडला आणि एक पोरगी लांब काठी फिरवत उडी मारून थेट छपरावर गेली! खाली उभ्या असलेल्या देखण्या गड्याला तिनं काठीनं ढकलून हौदात पाडलं. तो भिजला आणि हसत बसला. पण दोघं बोलू लागली तर एक शब्द कळेना. तंबूवाला भोंग्यातून ओरडला, "मायबापहो, रिळांचे डबे बदलून आले! हा हाँगकाँगचा चिनी खेळ हाय. मारामारी हाय, पिरेम हाय, बसून राहा!"

आत्याबाई पदर सावरत उठल्या. "कायले बसाचं? काही समजते का? चाला, गाडी जुंपाले सांगा."

त्या निघाल्या की सगळ्यांनीच निघायचं. आणि मला तर त्या दोघांचं पुढं काय होतं ते पाहायचंच होतं. तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, मले समजते."

"तुले? चिनी?"

"तो म्हणून राह्यला, अशी बायको भेटली तं रोज मार खाईन."

आत्याबाई मटकन खाली बसल्या. "अन् ते पोरगी काय म्हणते?"

"ते म्हणते, आधी काठी शिकून ये, मंग माह्या बापाले विचार."

मग मी थांबलेच नाही. पोरीचा म्हातारा बाप पडद्यावर चिडला की इकडे मीही चिडत होते. मागून बायका म्हणाल्या, "मोठ्यानं सांग वं!" मी मोठ्यानं सांगू लागले. कनातीपलीकडे माझे मालक बसले आहेत, हे ध्यानातही राहिलं नाही.

शेवटी लाल कपड्यांत दोघांचं लग्न लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच पुढच्या रिळात दोघं पुन्हा काठ्या उगारून समोरासमोर! तंबूवाल्यानं रिळं मागंपुढं लावली असावीत.

"आतं काहून भांडून राह्यले?" आत्याबाईंनी विचारलं. "लगन तं झालं."

मी लगेच म्हटलं, "लगन झालं म्हणूनच तं!"

सगळा तंबू हसला. कनातीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "खरं हाय, वहिनी!" आत्याबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

खेळ संपला, माणसं उठली, आत्याबाई मात्र जागच्या हलेनात.

"पोरी, उद्या हाच लावते का दुसरा? विचार त्याले."

मी उठले आणि एकटीच त्या गर्दीतून तंबूवाल्याकडे निघाले.