सरळ केलेली करंगळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही—आणि त्याला तर मी शेजारच्यांच्या भानगडीसुद्धा इत्थंभूत सांगते. मग एवढंच का गिळून बसले?

मी भूगावात राहते, मोशन ग्राफिक्स करते. म्हणजे पडद्यावरची अक्षरं-चित्रं हलती करते. चार वर्षांपूर्वी शाळकरी मुलांसाठीच्या एका विज्ञानाच्या व्हिडिओ पॉडकास्टचं काम मिळालं—लोगो, रंग, सुरुवातीची आठ सेकंदं. त्या आठ सेकंदांत एक हात खडूनं भाताचं फूल काढतो. एका दमात, खडू न उचलता. लोकांना तेच आवडलं.

तो हात आमच्या बाईंचा. मुळशीच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. एका रविवारी त्यांच्या ओसरीवर फळा टेकवून मी तो हात मोबाइलवर टिपला, मग एकेक चित्र त्यावरून गिरवलं. निघताना त्यांनी विचारलं होतं, अगदी लाजत, "माझं नाव येईल ना गं?" मी म्हटलं, "म्हणजे काय बाई!"

आणि मग—कसं सांगू? पॉडकास्टवाले पहिलं कच्चं चित्र बघून म्हणाले, काय हात आहे, कुणाचा? मी "माझाच" म्हणून मोकळी झाले. माझी रेघ कधीच तशी नव्हती. पण कौतुकाची चटक वाईट. बाईंची करंगळी वाकडी, लहानपणी विळा लागलेली. माझी सरळ. म्हणून घरी येऊन मी ती करंगळी सरळ केली, प्रत्येक चित्रात. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत एकदाही थांबावंसं वाटलं नाही मला?

पुढे पॉडकास्टवाल्यांनी मुळशीच्या शाळेतच मोठ्या पडद्यावर भाग दाखवला. बाईंनी गावभर सांगून ठेवलेलं, "त्यातला हात माझा आहे." नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. फूल उमटलं, खाली नाव आलं ते माझं.

मागून एका काकांनी विचारलं, "काय गं, ह्यो हात बाईंचा हाय म्हनं. व्हय का?"

सगळे माझ्याकडे वळले. पॉडकास्टवालेही. एक 'हो' म्हणायला काय जात होतं माझं?

मी हसले. म्हटलं, "न्हाई काका. करंगळी बघा की."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बाई बी लई फेकाया लागल्या. बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात पदराखाली घेतला. "माझाच घोळ झाला असेल," म्हणाल्या.

त्यांना कळलं नसेल? मुलांच्या वह्यांतली नक्कल पकडण्यात उभा जन्म गेला त्यांचा. कळलं होतं. तरी माझी लाज राखली त्यांनी—आणि मी राखू दिली.

परवा नवा भाग आला. हात तेच फूल काढतो, खाली माझंच नाव. वाकड्या करंगळीचं ते मूळ चित्रण माझ्या लॅपटॉपमध्ये अजून आहे. मी ते पुसलेलं नाही, आणि कुणाला दाखवलेलंही नाही.