अण्णांच्या नावचा अंक

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी दर महिन्याला पोस्टमन आमच्या दुकानासमोर गाडी उभी करायचा आणि त्यांना हाक मारायचा. हाक म्हणजे पूर्ण नाव. आधी त्यांचं, मग आजोबांचं, मग आडनाव. जवळा बाजार या आमच्या गावात माझ्या वडलांना या नावानं कोणीच ओळखत नव्हतं. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना ते नुसते 'टेलर' होते. पूर्ण नाव असायचं ते फक्त मासिकाच्या वेष्टनावर चिकटवलेल्या पत्त्यात, आणि पत्ता मोठ्यानं वाचायची त्या पोस्टमनला खोड होती. त्या खोडीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मासिक पुण्या-मुंबईकडून यायचं. कथा, लेख, कविता, मागच्या पानांवर वाचकांची पत्रं. अण्णा आधी वर्षाची वर्गणी भरायचे, शंभर रुपये. एका वर्षी अंकात आजीव वर्गणीचं निवेदन आलं. एकदाच हजार रुपये भरा, मग वर्गणीदार हयात असेपर्यंत अंक घरपोच. अण्णांनी बेतण्याच्या टेबलावर खडूनं हिशोब मांडला आणि आम्हाला बोलावून दाखवला. दहा वर्षांत पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट. तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. आणखी दहा वर्षं जगायला आपल्याला काही अडचण येईल असं त्यांना वाटलंच नाही.

अडचण होती ती मायची. जून महिना होता, शाळेच्या गणवेशांचे पैसे नुकते हातात आले होते आणि त्यातून मिक्सर घ्यायचं ठरलं होतं. अण्णांनी मनीऑर्डर केली ते तिला पावती आल्यावर कळलं.

"ह्या मासिकात चटणी वाटता येते का?" तिनं विचारलं.

पुढं दोन वर्षं माय पाट्यावरच वाटत राहिली, आणि अण्णा अंक उघडून बसले की वरवंट्याचा आवाज जरा वाढायचा, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. अण्णा वाचायचे थांबत. वाटून झालं की पुढं वाचत. भांडणाची तेवढीच पद्धत आमच्या घरात होती.

पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिघंही दुकानात असायचो. मी वाचायची, अण्णा मशीन चालवायचे आणि माय काज-बटण करायची. चौथीपर्यंत शिकलेली माय 'मला न्हाई त्यातलं कळत' म्हणायची आणि गोष्ट अर्धवट राहिली तर संध्याकाळी हळूच विचारायची, त्या बाईचं पुढं काय झालं म्हणून. मशीनच्या खडखडाटात अण्णांना किती ऐकू जायचं कोण जाणे, पण एखाद्या वाक्याला त्यांचा पाय पायट्यावरच थांबायचा. त्यावरून मला कळायचं, इथं काहीतरी चांगलं लिहिलंय. पुढं मी चार ओळी लिहायला लागले, तेव्हा दुसरी कुठली कसोटी माझ्याकडे नव्हती. आजही लिहिलेलं वाचून पाहताना मी स्वतःलाच विचारते, इथं मशीन थांबली असती का? बहुतेक ठिकाणी थांबली नसती.

अण्णा जुन्या वर्तमानपत्रांचे कागदी बेत कापत. मासिकाला कात्री लागू देत नसत. अंक दुकानाबाहेर न्यायचा नाही, इथंच बाकावर बसून वाचायचा, हा त्यांचा नियम. ब्लाऊज वेळेवर झाला नसला की आलेल्या बाईच्या हातात अंक ठेवून ते म्हणत, "बसा ताई, दोन पानं वाचा, तवर हुक लावतो." मायचं म्हणणं असं होतं की मासिक आल्यापासून एकही ब्लाऊज वेळेवर झालेला नाही. तिचं बराबर होतं.

आजीव वर्गणी भरल्याच्या सातव्या वर्षी अण्णा गेले. सकाळी दुकान उघडलं आणि दुपारी ते नव्हते, इतकं पटकन. त्यांच्याच हिशोबानं आम्ही तीन वर्षांच्या घाट्यात राहिलो.

तेराव्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंक आला. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोस्टमननं सवयीनं हाक मारली, पहिलं नाव उच्चारलं आणि जीभ चावली. माय उठली, दारात गेली.

"अर्धं काहून सोडलं? पुरं म्हणा," ती म्हणाली.

त्यानं खाली मान घालून पुरं म्हटलं. मायनं अंक घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा भाकर खाल्ली.

वर्गणीदार हयात नाही, हे मासिकाला कळवायला हवं होतं. नियम पावतीवर छापलेला होता आणि मी तो वाचलेला होता. मी पोस्टकार्ड आणलंही. मायनं ते बघितलं.

"नको कळवू," ती म्हणाली. "मह्या तोंडून त्यांचं नाव कधी निघालं न्हाई, अन् आता निघणारबी न्हाई. महिन्यातून एकदा कोणीतरी दारात येऊन ते घेऊन राहिलंय. तेवढं राहू दे."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी यावर तिच्याशी कितीदा भांडले असेन, पण त्या दिवशी भांडले नाही. पोस्टकार्ड ब्लाऊजची मापं लिहायला वापरलं.

माझं लग्न गावातच झालेलं, सासर चार गल्ल्या सोडून. अण्णांचं दुकान मी चालवायला घेतलं. दुपारी पुन्हा तेच. मी मशीन बंद करून वाचायची, माय काज-बटण करत ऐकायची. आता फोनवर गोष्टींचा पूर येतो, तोही फुकट, पण त्यातली एकही माझ्या बापाचं नाव घेत दारात येत नाही. दहा वर्षं भरली तेव्हा मी मायला म्हटलं, "अण्णांचे पैसे वसूल झाले बघ." ती खुदकन हसली. त्याच्या पुढचा प्रत्येक अंक मात्र मला टोचायचा. मासिक वेळेवर यायचं, पानं कमी कमी होत चालली होती, आणि मी एका मेलेल्या माणसाच्या नावावर ते वाचत होते.

या वर्षी अंकात एक चिठ्ठी आली, आजीव वर्गणीदारांसाठी. लिहिलं होतं की त्या ठेवींच्या व्याजावर अंक निघत असे. व्याज उतरलं, कागद आणि टपाल महागलं, आता त्या पैशात वेष्टनही निघत नाही. ज्यांना जमेल त्यांनी वार्षिक वर्गणी भरावी. न जमलं तरी आपला अंक बंद होणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि मला पुढं वाचवेना.

"काहून थांबली?" मायनं विचारलं. "हजार रुपये तिथं पडूनच हायत की त्यांच्या नावानं."

तिला कसं समजवावं? मग म्हटलं, "समज, तू नवी होतीस तेव्हा एका बाईनं तुला शंभर रुपये दिले आणि म्हणाली, जन्मभर माझ्या ब्लाऊजांना काज-बटण कर. तू व्हय म्हणालीस. आज रीळ केवढ्याला येतं?"

मायचा हात थांबला. "म्हंजे ते पदरचं घालून राहिले?"

"व्हय. अन् अण्णा गेलेत हे त्यांना ठाऊकच न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काज-बटणाचे साठवलेले पैसे माझ्यासमोर ठेवले. पाच वर्षांची वर्गणी होऊन थोडे उरत होते.

"लिही त्यांना. काय हाय ते खरं लिही."

"मग अण्णांचं नाव बंद होईल, माय."

"लिही म्हणते न."

मी लिहिलं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आम्ही कळवलं नाही, चूक झाली. तुमच्या अंकावर मी वाढले, हेही लिहिलं, आणि लिहिताना रडले. नव्या वर्गणीच्या अर्जावर माझं नाव घालायला पेन टेकवलं तोच मायनं बोट ठेवलं.

"माझं घाल."

"आता तुला टपाल पाहिजे व्हय?" मी चिडवलं. तिनं बोट हलवलं नाही. मी तिचं नाव घातलं. मला बरंच वाटलं, कारण या बाईच्या नावानं उभ्या जन्मात काही आलं नव्हतं. गावात ती टेलरीण, माझी माय, नाहीतर मावशी. तिला नाव आहे हे मीसुद्धा रेशनकार्ड पाहूनच शिकले होते.

मासिकाकडून चार ओळींचं पत्र आलं. तेरा दिवसांच्या दुःखातल्या माणसाला लिहावं इतक्या मायेनं अण्णांबद्दल विचारलं होतं. आमच्या चुकीचा उल्लेख नव्हता.

त्यानंतरचा अंक मागच्या आठवड्यात आला. आम्ही दोघी दुकानात होतो. पोस्टमननं गाडी उभी केली, वेष्टन डोळ्यांसमोर धरलं आणि खोडीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव मायचं. माय काज भरत राहिली, जणू दुसऱ्या कोणाला हाक मारली होती. मग मधलं नाव आलं, अण्णांचं. तिची सुई जागच्या जागी थांबली. मग आडनाव.

"मावशी, आता तुमच्या नावानं व्हय?" पोस्टमन म्हणाला. तिनं उठून अंक घेतला, पदरानं पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडं टाकून बसले होते.

"तुझं नाव घातलं असतं तर मधी जावई आले असते," ती म्हणाली. "फोड आता. वाच."