कोंबड्यांनी खाल्लेला बर्फ

१७ फेब्रुवारी १९५८, सोमवार. सकाळी सहापासून मी शाळेची जमीन सारवत होते. महाडजवळच्या एका गावात, सावित्रीच्या काठी, कुणाच्या तरी पडवीत आमची शाळा भरे. मी तिथे हंगामी शिक्षिका. अकराला तपासणीचे साहेब येणार होते. पाठ पसंत पडला तर मला ट्रेनिंगला पाठवणार, नाही पडला तर एप्रिलनंतर घरी बसायचं.

पाठ सैबेरियातल्या लेना नदीचा होता. भिंतीवरच्या नकाशात ती मुलांना पटत नव्हती. ती उत्तरेकडच्या समुद्राला मिळते म्हणून मी छडी वर सरकवली, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, पाणी चढणीला कसं चढंल?" म्हणून मी नदी जमिनीवर आणली. ओल्या सारवणात दारापासून आतल्या भिंतीपर्यंत बोटांनी खाच पाडली. दारापाशी दक्षिणेचे डोंगर, भिंतीपाशी समुद्र. जमिनीला आत उतार होताच. खाचेत तांदळाची कणी दाबून भरली. तो बर्फ.

साहेबांनी बूट दारात काढले आणि ते नदीकाठी खुर्ची टाकून बसले. मी सुरुवात केली. हिवाळ्यात ही नदी गोठते, मग तिचाच रस्ता होतो, पूर्वीपासून लोक बर्फावरून माल नेतात.

"बैल घसरत नाय?"

"तिथे बैल नाहीत. घोडे आणि रेनडिअर."

काठ ढासळला की हजारो वर्षांपूर्वीच्या केसाळ हत्तींचे सुळे बाहेर पडतात, हेही सांगितलं.

"आमच्या बांधातून नुसती खापरं निघत्यात," एकजण कुरकुरला.

"बर्फ आधी कुठे वितळतो?" साहेबांनी विचारलं.

दक्षिणेकडची कणी मी हाताने काढणार होते. तेवढ्यात घरमालकिणीची कोंबडी पिल्लं घेऊन दारातून आली आणि नदीच्या उगमापासून बर्फ टिपू लागली. मुलं खिदळायला लागली. हाकलावं तर सगळं सारवण उधळणार.

"असू दे," मी म्हटलं. "दक्षिणेत वसंत आला."

अर्धी नदी मोकळी झाली तशी मी दारापाशी तांब्या ओतला. पाणी झरझर गेलं, उरलेल्या कणीवर आपटलं, फुगलं आणि काठ सोडून थेट साहेबांच्या मोज्यांत शिरलं.

साहेबांनी पाय वर घेतले. "हे बाहेर का आलं?"

इतकं पाणी येईल असं मलाही वाटलं नव्हतं. बोलली ती खाडीत मचवा, म्हणजे मोठी होडी, चालवणाऱ्याची मुलगी.

"साहेब, म्होरं वाट बंद हाय ना. आमच्याकडं खाडीला भरती आसली का वरच्या पावसाचं पाणी आसंच गावात शिरतं. तिकडं भरतीच्या जागी बरफ."

"कोंबडीला अजून खाऊ द्या," दुसरी म्हणाली, "पूर उतरंल."

साहेब खुर्चीत मांडी घालून हसत सुटले. त्यांना हसताना बघून मुलं लोळायलाच लागली, आणि माझंही पोट दुखू लागलं. तपासणीला हसणारी शिक्षिका मी तोवर पाहिली नव्हती.

मोजे पिळून साहेब म्हणाले, "बाई, हे सगळं ठरवून केलंत?"

हो म्हणायचा मोह झाला. पण तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण माझ्याकडे बघू लागला.

"नदी ठरवून काढली," मी म्हटलं. "कोंबडी आपणहून आली."

त्यांनी वहीत लिहिलं, "मुलांना विषय समजला. शिक्षिकेस ट्रेनिंगला पाठवावे," आणि मोजे खिशात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी ट्रेनिंगचा अर्ज लिहिला, चालत जाऊन महाडच्या पोस्टाच्या पेटीत टाकला आणि घंटेच्या आत शाळेत परत आले.