‘ले’ नसलेला दिवस

“सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत. तोंडात एकही ‘ले’ नको. मग करतो सही.”

देवराव मास्तरांनी ही अट बशीतला चहा फुंकता फुंकता घातली. रंभाबाईंनी ती पिठाच्या हातांनी उभं राहून ऐकली.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मास्तरांची शिकवणी चालायची, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मधे एक पडदा. कुहीहून नववी पास होऊन रंभाबाई या घरात आल्या त्याला तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं त्यांनी पडद्यामागून गणित ऐकलं, मराठी ऐकलं. आता, एकोणीसशे एकाहत्तर साली, त्यांना बाहेरून मॅट्रिकला बसायचं होतं. फॉर्मवर ओळखीच्या शिक्षकाची सही लागत होती. रंभाबाईंच्या ओळखीचा शिक्षक एकच. बाकी जे होते ते सगळे त्याचे मित्र.

“गणिताचं मी काही म्हणत नाही,” मास्तर म्हणाले. “पण तुझं मराठी! मले, तुले, काहून, जाऊन राहिलो. पेपरात हेच उतरणार. उद्या गाव म्हणेल, देवराव मास्तरांची बायको मराठीत नापास!”

मास्तर स्वतः भिवापूरकडचे. पण शिकवायला लागल्यापासून त्यांनी आपली जीभ चिंचेनं घासल्यासारखी लख्ख केली होती. वर्गात कोणी ‘येऊन राहिलो’ म्हटलं की हात पुढे, आणि पट्टी.

पट्टी खाल्लेल्यांतली एक गोपिका. शेजारच्या ताराचंद कापडवाल्यांची मुलगी, वय पंधरा, गणितात नापास आणि मराठीतही. पुढच्या खोलीत रडली की ती पडदा सारून मागे यायची. रंभाबाई भाकरी थापता थापता विचारायच्या,

“पुस्तक बंद कर अन् मले सांग. काय झालं त्या गणितात?”

“एक हौद हाय, काकू. दोन नळ. एक भरते, एक सांडते.”

“मंग हौद भरन का नाही?”

“भरन. पण उशिरा.”

“किती उशिरा? आकडे नको मांडू. नुसतं अंदाजानं सांग.”

“पाच-सहा तास?”

“हां. आता मांड. उत्तर चाळीस आलं तं समजायचं, नळ नाही, तूच फुटली.”

मराठीचीही तीच तऱ्हा. “निबंध आधी आपल्या बोलीत लिही. मनातलं सारं पडू दे कागदावर. मंग एकेका वाक्याले बाहेर जायचं लुगडं नेसव. वाक्यच नाही आलं, तं नेसवशील कोणाले?”

सहामाहीत गोपिका दोन्ही विषयांत पास झाली. ताराचंदांनी हार आणला, तो मास्तरांच्या गळ्यात घातला. पडद्याच्या फटीतून रंभाबाईंना हाराचं एक टोक दिसलं.

अटीचा दिवस रविवार ठरला. मास्तर दिवसभर घरी, कान पडद्याला लावून.

रंभाबाईंनी सकाळ जवळजवळ मुक्यानंच काढली. भाजीवाल्याशी बोटांनी बोलल्या. कोणाला काही द्यायचं असलं की आधी ओठातल्या ओठात ‘ला, ला’ घोळवायच्या, मग वाक्य बाहेर. दहा वाजता गोपिका वही घेऊन आली.

“काकू, कपडे धुतले का? मी पिळू लागतो.”

“धुतला. वाळत घातला.”

“काय घातला?”

“कपडे.”

“काकू! कपडे घातले.”

“गप. त्यात ते अक्षर आहे.”

“पण तो ‘ले’ चालते ना. तो वेगळा हाय!”

रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोन ‘ले’ होते, एकाच चेहऱ्याचे. एकाला घरात यायची मुभा, दुसऱ्याला नाही. ऐन गडबडीत कोण कोणता ते दारात कसं ओळखायचं? त्यांनी दोघांनाही कडी लावली.

आणि दुपारी कुहीच्या एस्टीनं आई आली. रुखमाबाई. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, पाय धुळीनं भरलेले.

“वं रंभा, पाणी दे मले. जीव गेला उन्हानं.”

“बस, आई. देते पाणी.”

रुखमाबाईंनी गाठोडं अर्ध्यातच धरून ठेवलं. “देते? ‘देतो’ नाही म्हणत आता? अशी काहून बोलून राहिली वं? माह्याशी?”

“काही नाही. सहज.”

“सहज म्हणते! परक्या बाईसारखी. काही चुकलं का माहं?”

आईशी आईच्या बोलीत एक वाक्य बोललं तर ‘ले’ निसटणार, फॉर्म जाणार. रंभाबाईंनी नुसता तांब्या पुढे केला. ते आईला आणखीच लागलं.

“बरं. जावईबापू तरी हायेत का घरी?”

पडद्यापलीकडे मास्तर खाकरले. रंभाबाई दचकल्या, आणि घाईनं म्हणाल्या,

“हे आत्ताच नळावरून आला. हात धुतला. पाटावर बसला.”

रुखमाबाईंचा हात तोंडावर गेला. “अवं माय! नवऱ्याले ‘आला’? तो काय गडी होय का वं?”

गोपिकानं वहीत तोंड लपवलं, पण हसू वहीच्या वरून बाहेर आलं. पडदा सरकला. मास्तर उभे.

“संपलं!”

“काय संपलं? एकदा तरी ते अक्षर निघालं असेल तर दाखवा.”

“हे आला? हे मराठी आहे?”

“अट एका अक्षराची होती. मराठीची नव्हती.”

मास्तरांचे कान लाल झाले. “तू मले व्याकरण शिकवून राहिली?”

गोपिकानं वही खाली केली. मग रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या,

“आता कसे आपले वाटले, जावईबापू.”

मास्तरांनी फॉर्मची घडी केली, पंचांगात घातली आणि पंचांग वरच्या फळीवर ठेवलं. “पुढच्या वर्षी पाहू.”

पुढच्या वर्षी तयारी कच्ची निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी मास्तरांची बदली होणार होती, ती झाली नाही. मग इंग्रजी आडवं आलं. मग रंभाबाईंनी विचारणंच सोडलं. त्या बोलायच्या ते शुद्ध, आणि थोडं. पडद्यामागे मुली येत राहिल्या, हौद भरत राहिले, हार पुढच्या खोलीत पडत राहिले.

अठ्ठ्याहत्तर साली गोपिका आली ती साडी नेसून, खांद्याला पर्स. एका शाळेत शिक्षिका झाली होती. तिनं पर्समधून फॉर्म काढला. सही आधीच केलेली.

“काकू, तुमच्या ओळखीचे आता दोन शिक्षक झाले. शनिवारी सदर भागातल्या बोर्डाच्या ऑफिसात फॉर्म भरायची शेवटची तारीख.”

रंभाबाईंनी सही बोटानं चाचपली. “यांना विचारून सांगते.”

“विचारायचं काय त्यात?”

रंभाबाईंनी तोंड फिरवलं, हळूच म्हणाल्या, “सात वर्षं वाटे, सही नाही म्हणून अडलो. आता सही आली तं पाय उठून नाही राहिले, गोपिका.”

गोपिकानं समजूत घातली नाही. ती गुरुवारी शाळा सुटल्यावर आली, बसली, चहा पिऊन गेली. शुक्रवारी पुन्हा. शनिवारी मास्तरांची शिकवणी भरलेली होती, पंधरा पोरं मांडी घालून. पडदा सरकला. रंभाबाई चपला घालून भर शिकवणीतून दाराकडे निघाल्या. मागोमाग गोपिका.

“कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“सदरले जाऊन राहिली.”

पोरं खुसफुसली. मास्तरांनी खडू उचलला. “‘सदरला’ म्हण.”

“जाऊन आल्यावर म्हणीन.”

त्या मार्चात रंभाबाईंना गणितात एकाहत्तर गुण मिळाले. मराठीत त्या चार गुणांनी राहिल्या. मास्तरांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, चष्मा काढला.

“पाहिलंस?”

“पाहिलं,” रंभाबाई म्हणाल्या. “ऑक्टोबरचे फॉर्म कधी निघतेत?”