दीड इंचाचे पितळी फेरूल

भय्याजींची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गामुळे झाली. भंडाऱ्यात आमचा वर्ग ज्या खोलीत भरतो, तिच्या समोरच त्यांचे खरादाचे, म्हणजे धातू कातण्याच्या लेथ यंत्राचे, दुकान आहे. खरादाचा आवाज वाढला की आमच्या शिक्षिका बोलायचे थांबतात, आणि भय्याजी तिकडून हात जोडून यंत्र बंद करतात. मी त्यांना दोन वेळा वर्गात बोलावले. ते म्हणाले, "माहे डोळे मापात गेले बाई. आता अक्षरात कुठून घालू?"

त्यांचे वय चौसष्ट आहे. त्यांचे वडील पाणी भरायचे पितळेचे गुंड घडवीत. घरोघरी स्टील आल्यावर भय्याजी खरादाकडे वळले आणि धानगिरणीच्या यंत्रांचे बुश, म्हणजे दांडा फिरतो ती धातूची कडी, करू लागले. वडिलांची एक रीत मात्र त्यांनी सोडली नाही. वस्तूला चीर दिसली, की चिरीच्या पलीकडपर्यंत पितळ न्यायचे.

माझी नात हर्षा पूल नावाचा खेळ खेळते. तो बिलियर्ड्सच्या जातीचा असतो. चेंडू मारण्याच्या काठीला क्यू म्हणतात. क्यूच्या टोकाला एक लहान कडे बसवलेले असते, ते फेरूल, आणि त्यावर चामड्याची टीप चिकटवतात. नागपूरच्या स्पर्धेला तीन दिवस उरले असताना हर्षाच्या क्यूचे फेरूल फुटले. खालच्या लाकडात सव्वा इंच उभी चीर गेली. दुसरा क्यू तिच्याजवळ नव्हता. मीच तिला भय्याजींकडे नेले.

त्यांनी सगळी चीर झाकेल असे पितळेचे नवे फेरूल केले. ते बसवून म्हणाले, "आता हत्ती बसला तरी काही होत नाही."

शुक्रवारी दुपारी मी वर्गात आयोजकांचे नियमपत्रक वाचत होते. हर्षाने ते मला वाचनाच्या सरावासाठी दिले होते. सातव्या ओळीत लिहिले होते की फेरूल धातूचे असल्यास त्याची लांबी एक इंचापेक्षा अधिक असू नये. ती ओळ मी तीन वेळा वाचली. मग शिक्षिकांची परवानगी घेऊन समोर गेले.

भय्याजींनी ओळ ऐकली. टीपचा गोंद वाळावा म्हणून क्यू त्यांच्याकडेच होता. त्यांनी माप घ्यायचा कॅलिपर फेरूलला लावला. दीड इंच.

"हे मले कोणं सांगितलं नाही," ते म्हणाले.

हर्षा आली, तेव्हा ती ओळ आणि माप ऐकून तिचा चेहरा उतरला. "काकाजी, तपासणीत काठी बाद झाली तर मले खेळूच देणार नाहीत. अर्धा इंच कापून टाका ना."

"कापलं तर चीर उघडी पडते पोरी. पहिल्याच फटक्यात फाटन."

भय्याजींच्या पत्नी सुमित्राबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काल हत्ती बसवून राहिले होते. आज पोरीच्या फटक्याले भेऊन राहिले."

भय्याजी हसले नाहीत. एकच मार्ग होता. चिरीसकट दीड इंच लाकूड कापायचे आणि नवे, लहान फेरूल बसवायचे. परंतु क्यू आखूड झाला तर चालेल काय? मी पत्रकात शोधले. किमान लांबी चाळीस इंच होती, आणि हर्षाचा क्यू अठ्ठावन्न इंचांचा होता. टीप चौदा मिलिमीटरपेक्षा रुंद नको, असेही लिहिले होते. क्यू खाली जाड होत जातो, म्हणून कापलेल्या जागी किती भरेल, याची त्यांना धास्ती वाटली. त्यांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"तेराच लिहिलं नाही ना? नीट पाहा."

"चौदाच आहे."

करवत लावताना त्यांचा हात थांबला. चूक झाली तर लाकूड परत येणार नव्हते. हर्षा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कापल्यावर माप सव्वातेरा भरले. नवे फेरूल त्यांनी पाऊण इंचाचेच केले, आणि ते चार वेळा मोजले. टीप चिकटवून दोरीने बांधली. संध्याकाळी क्यू देताना म्हणाले, "सकाळपर्यंत ही दोरी सोडू नको."

शनिवारी हर्षा पहिल्या एसटीने गेली. मी दुकानात बसून होते. भय्याजींनी गिरणीचे काम हाती घेतले आणि ठेवून दिले. फोन आपल्यासमोर ठेवला. तो वाजेना, तेव्हा चालू आहे की नाही हे त्यांनी मलाच पाहायला सांगितले.

साडेबारा वाजता हर्षाचा फोन आला. तपासनिसांनी फेरूल मोजले, टीप मोजली, आणि काही न बोलता क्यू परत दिला. पहिला सामना ती जिंकली, दुसरा हरली. आखूड क्यूवर हात बसला नाही, असे ती म्हणाली.

"माह्यामुळं हरली," भय्याजी म्हणाले. मी नाही म्हटले. त्यांना ते पटले नाही.

पुढच्या महिन्यात हर्षाच्या ओळखीचा एक खेळाडू आपला क्यू आणि नियमांचा कागद घेऊन दुकानात आला. भय्याजींनी क्यूला हात लावला नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "बाई, हे आधी पुरं वाचून दाखवा. एकही ओळ सोडू नका."