पायवाटेचे कंट्रोलर

डोंगरातली पायवाटसुद्धा बसस्थानकातूनच सुटते, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या भारतात एकच असेल. आणि तो नेमका माझा व्याही निघावा, हे माझ्या मुलीचं नशीब म्हणावं की माझं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आमच्या व्याह्यांनी सारी हयात एस.टी.त कंट्रोलर म्हणून काढली. कंट्रोलर म्हणजे स्थानकातल्या खिडकीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते माईकवरून सांगणारा, आणि गाडी वेळेवर हलली नाही तर ड्रायव्हर-कंडक्टरचा जीव खाणारा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नाहीतर नातवंडं खेळवतात. आमच्या व्याह्यांनी डोंगराच्या पायथ्यापासून खुलताबादला जाणारी एक जुनी, बुजत चाललेली डोंगरवाट शोधून काढली, तिच्या संवर्धनासाठी मंडळ काढलं, ते रीतसर नोंदवलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि मला चिटणीस केलं. आता मी पडलो शहागंजातला कापडवाला. गादीवर बसणं हाच आमचा पिढीजात व्यायाम. पण मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायची सोय आहे का? "पाहुणे, तुमचं नाव टाकलंय," एवढंच ते म्हणाले आणि मी हसून "बरं बरं" म्हणालो. ते हसणं माझ्या गुडघ्यांना अजून भोवतंय.

वाट रोज सकाळी सव्वासहाला 'सुटे'. पायथ्याशी एक वड आहे आणि वडाखाली एक सपाट दगड. तो फलाट क्रमांक एक. दुसरा फलाट नव्हताच, पण 'क्रमांक एक' म्हटल्याशिवाय व्याह्यांना चैन पडत नसे. वर्तमानपत्राची सुरळी तोंडाला लावून, नाक चिमटीत धरल्यासारख्या आवाजात ते पुकारत, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. टेकडी, ओढा, तळे मार्गे खुलताबादला जाणारी साधी वाट फलाट क्रमांक एकवर उभी आहे." प्रवासी म्हणजे आम्ही चौघं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. तरी पुकारा तीनदा व्हायचा. मग शिट्टी. शिट्टी झाल्यावर आलेल्या माणसाला गाडी चुकली असं समजण्यात येई. एक बिचारे बँकेतले साहेब मुकुंदवाडीहून धापा टाकत आले, तर आम्ही त्यांच्यापुढे वीस पावलांवर चालत होतो आणि व्याही त्यांना मागे वळून हातानं सांगत होते, "उद्या. उद्या या." साहेब दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतर कधीच आले नाहीत.

त्यात पुन्हा वाटेचे प्रकार. सोमवारी साधी, म्हणजे प्रत्येक झाडाशी थांबणारी. मधल्या वारी जलद. आणि रविवारी विनाथांबा. एका रविवारी आमच्या उपाध्यक्षांना अर्ध्या डोंगरात लघुशंकेची निकड लागली. ते काकुळतीला आले. व्याही म्हणाले, "वडाला टांगलेल्या फळ्यावर काय लिहिलंय? विनाथांबा. मग विनाथांबा म्हणजे विनाथांबा." उपाध्यक्षांनी खुलताबाद गाठलं खरं, पण त्या दिवशी ते ज्या वेगानं चालले तसा वेग मी पुढे कुणाचा पाहिला नाही. दरीच्या बाजूनं चालणं म्हणजे खिडकीची जागा. ती मिळावी म्हणून लोक आदल्या संध्याकाळी येऊन झुडपाला रुमाल बांधून जायचे, आणि सकाळी कुणाचा रुमाल आधी होता यावरून चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांची तू-तू मैं-मैं व्हायची. एस.टी.त बायकांना निम्मी सवलत लागू झाली तेव्हा व्याह्यांनी ती तत्काळ वाटेलाही लावली, म्हणजे बायकांनी निम्मंच चालायचं. पहिला प्रयोग झाला आमच्या विहीणबाईंवर. ओढ्यापाशी व्याही अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचं ठिकाण आलं, उतरून घ्या." विहीणबाईंनी पदर खोचला. "सवलत द्यायची तर स्वयंपाकात द्या!" म्हणाल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी खुलताबादला पोचून चहा पिऊन बसल्या.

माझी स्वतःची कहाणी तर सांगायची सोय नाही, पण सांगतो. एका सकाळी चढावर माझा उजवा गुडघा अडकला आणि मी मटकन खाली बसलो. दुसरा कुणी असता तर त्यानं पाणी पाजलं असतं, पाय चोळला असता. आमच्या व्याह्यांनी चार दगड आणले, माझ्या मागेपुढे ठेवले, पळसाच्या दोन डहाळ्या तोडून माझ्या पाठीशी खोचल्या, आणि बाकीच्यांना म्हणाले, "ब्रेकडाउन झालंय. प्रवाशांनी माझ्या मागून यावं." हमरस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकसारखा मी तासभर तिथं पाल्यात बसून होतो. एक शेळ्या राखणारी बाई येऊन बघून गेली. तिच्या एका शेळीनं माझी डावी डहाळी खाल्ली. अहो, शहागंजात मला लोक उठून नमस्कार करतात!

तर असा हा माणूस उभ्या डोंगरात एकाच व्यक्तीला कळला, ती म्हणजे कौसाआक्का. टेकडीपलीकडे त्यांचं रान आहे आणि वाट बरोबर त्या रानाच्या मधून जाते. आक्कांच्या पोराला ती नांगरून रान सलग करायचं होतं, आणि त्यात त्याचं चुकत होतं असं मला तरी कधी वाटलं नाही. व्याही नकाशे, जुने कागद घेऊन बोलायला गेले. आक्कांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "ते काय मला कळत नाय. चालनारं असंल तर ती वाट, नसंल तर ते माजं रान. रोज मानूस चाललं पायजे. ज्या दिशी पाय पडला नाय, त्या दिशी नांगर घालीन. पुन्ना माज्याकडं यायचं नाय." दुसरा घाबरला असता. व्याही आनंदानं उजळले! "म्हणजे नियमित फेरी! पाहुणे, या बाईंना कळलंय बघा!" त्या दिवसापासून तीन पावसाळे गेले, वाट एक दिवस चुकली नाही. आमच्या दोघांच्या नातवाच्या बारशाला ते डोंगरातून थेट पाळण्यापाशी आले, आणि तोवर पोरगं अर्धा तास बिननावाचं राहिलं.

प्रवासी मात्र गळत गेले. मंडळाचे अकरा पदाधिकारी. त्यातल्या कुणाची कंबर, कुणाचं लग्नकार्य, कुणाचा रुसवा. उन्हाळ्यात मी एकदा उशिरानं वडापाशी गेलो, तर लांबूनच पुकारा ऐकू आला. वडाखाली कुणीही नव्हतं. व्याही रिकाम्या दगडापुढे सुरळी धरून तिसऱ्यांदा पुकारत होते. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. चालता चालता मी म्हणालो, "व्याहीबुवा, कुणी नाही, तर कशाला एवढं?" त्यांनी वाटेवर आलेली एक फांदी बाजूला केली. मग म्हणाले, "नोकरीत असताना एका आडगावची फेरी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणून. त्या कागदावर माझी सही आहे. दोन वर्षांनी काही कामानं तिकडे गेलो. थांब्याच्या ओट्यावर गुडघाभर गवत. एक म्हातारी भेटली. म्हणाली, गाडी येत नव्हती म्हणून आम्ही जायचं सोडलं. आणि आम्ही कागदावर काय लिहिलं होतं, पाहुणे? लोक जात नाहीत म्हणून गाडी बंद केली." त्या दिवशी माझा गुडघासुद्धा कुरकुरला नाही.

आणि या दिवाळीनंतर व्याह्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांना ते म्हणाले, "ऑपरेशन करा, पण सकाळच्या फेरीनंतर." डॉक्टरांना वाटलं, हा माणूस मुलं शाळेत सोडायला जातो. त्यांनी ऐकलं नाही, आदल्या दुपारीच दाखल करून घेतलं. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर व्याह्यांनी माझं मनगट धरलं. "पाहुणे, उद्याची फेरी तुमची. आक्कांचा मका निघालाय, रान मोकळं आहे, पोरानं ट्रॅक्टर सांगितलाय. एक दिवस खंड पडला की संपलं." मी म्हणालो, "अहो, मी आहे ना. तुम्ही निर्धास्त झोपा." इतक्या रुबाबात म्हणालो की माझा मलाच विश्वास बसला.

आता काय सांगू? मला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून अंथरुणावर आलं होतं. बायकोला ओरडलो, ती मलाच ओरडली. रिक्षा करून वड गाठेपर्यंत नऊ वाजले. पुकारा-बिकारा काही न करता सुटलो, तर पहिल्याच चढावर गुडघा हटून बसला. बसायचं, चोळायचं, देवाचं नाव घ्यायचं, चार पावलं टाकायची. टेकडी चढून आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि खाली बघतो तर आक्कांच्या बांधावर ट्रॅक्टर उभा! रान सगळं काळंभोर नांगरलेलं. या माणसानं तीन वर्षं सांभाळलं आणि मी एका सकाळीत घालवलं, हेच डोक्यात घुमत होतं. खरं सांगतो, मी तिथंच डोळे पुसले.

खाली उतरलो तेव्हा दिसलं. नांगराची तासं अलीकडे संपली होती आणि पलीकडे सुरू झाली होती. मधे वाट तशीच्या तशी. खुलताबादच्या बाजूनं कौसाआक्का येत होत्या, वहाणा हातात, टाचा धुळीनं पांढऱ्या. मला बघून थांबल्या.

"तुमचं मानूस रोज सात वाजता हितून जातंय. आज आलं नाय. मेलं का काय?"

"नाही हो, दवाखान्यात आहेत. पोटाचं ऑपरेशन."

"मंग बरं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पोरगं म्हनलं, आये, आज पाय पडला नाय, घालतो नांगर. मी म्हनलं थांब जरा. मग मीच गेले. खुलताबादपत्तोर जाऊन आले. आता पोराला म्हनते, बोल, पाय पडला का नाय?"

"पण आक्का, अट तर तुमचीच होती."

"माजीच व्हती. मग मी चाललेलं चालत नाय व्हय? मी काय मानूस नाय?" आणि माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा. भाकर खावा. लई हाल झाले तुमचे."

दुपार कलल्यावर दवाखान्यात गेलो. व्याह्यांना नुकतंच खोलीत आणलं होतं. चेहरा पार उतरलेला, सलाईन चालू. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की आपणच चाललो असं ठोकून द्यायचं, आजारी माणसाला कशाला त्रास. पण त्यांनी डोळे उघडले, "फेरी?" एवढंच विचारलं, आणि माझ्यानं खोटं बोलवलं नाही. म्हणालो, "मी चुकवली, व्याहीबुवा. झोप लागली मला. पण वाट आहे. आक्का चालल्या. खुलताबादपर्यंत गेल्या आणि माघारी आल्या."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, ते त्यांना पुसता येईना.

"एकट्या?"

"एकट्याच."

"तिकडे काही काम होतं त्यांचं?"

"नाही. चालायलाच गेल्या होत्या."

"मग प्रवासी होता म्हणा की, पाहुणे," ते म्हणाले. "मी नसताना."

आमच्याकडे व्याह्यानं व्याह्याचा हात धरून बसायची रीत नाही. मी बसलो.