असू दे

आई ऑक्टोबरात आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या झाडांवर थोडी पानं शिल्लक होती. आठवडाभरात असा काही वारा सुटला की तीही गेली. मग खिडकीबाहेर जे उरलं ते मार्च संपेपर्यंत तसंच राहिलं: काळी झाडं, ओली मेंढरं आणि वर राखाडी आभाळ.

आमचं गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, एक चर्च, एक पब आणि जरा पाऊस झाला की पाण्याखाली जाणारा एक रस्ता. साउथहॅम्प्टन गाडीनं पाऊण तासावर. नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. हिवाळ्यात तो अंधारात जातो आणि अंधारातच परत येतो. माझं ऑफिसही त्याच शहरात, पण मी बहुतेक दिवस घरूनच काम करते. इथे येण्याआधी आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला एका फ्लॅटमध्ये होतो. तिथे खाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा. इथे दुधासाठीही गाडी काढावी लागते. तरी हट्टानं इथे घर घेतलं ते मीच.

पहिल्याच आठवड्यात एके दिवशी चार वाजता मी पडदे ओढत होते. आई गुडघ्यांवर शाल घेऊन खुर्चीत बसली होती. तिनं बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं सांग," ती म्हणाली, "तू इथं काऊन राहतेस?"

नागपूरची माणसं 'का' विचारत नाहीत, 'काऊन' विचारतात, आणि त्या शब्दाला उत्तर द्यावंच लागतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दाखवायचं उत्तर होतं, सांगायचं नव्हतं.

"थांब. वसंत येऊ दे, मग तुलाच कळेल."

"कोण येऊन राहिला?"

तिची चूक नव्हती. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. वसंत हा ऋतू शाळेच्या पुस्तकात असतो, आणि एरवी तो कोणाचा तरी काका असतो. नागपुरात तर फेब्रुवारीत स्वेटर निघतो न निघतो तोच कूलरला वाळा लावायची वेळ येते, मध्ये काही नाहीच. मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की इथे एक दिवस सगळं एकदम उलटतं, कुंपणं पांढरी होतात, कोकरं उड्या मारतात, संध्याकाळी आठला उजेड असतो. सासूनं केलेलं लेकाचं कौतुक ऐकावं, तसं आईनं ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून मी त्या ऋतूच्या मागे लागले. आईचा व्हिसा सहा महिन्यांचा. तिकीट मार्चअखेरचं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बाबा गेल्यावर तिचा हा पहिलाच प्रवास, आणि विमानतळावरून घरी येतानाच तिनं सांगून टाकलं होतं, "हा माझा शेवटचा फेरा. गुडघे म्हणतात, पुरे आता." म्हणजे वसंत मार्चच्या आत यायलाच हवा होता. नाहीतर ती नागपूरला जाऊन उरलेलं आयुष्य येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगणार, की माझी लेक अंधारात राहते. मला ते सहन होणारं नव्हतं. मी सुखात आहे हे आईला तिच्या डोळ्यांनी दिसावं, एवढंच मला त्या हिवाळ्यात हवं होतं, आणि फार हवं होतं.

हिवाळ्याला मात्र काही घाई नव्हती.

रोज सकाळी उठलं की मी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचे, काच पुसायचे आणि जाहीर करायचे, "आजही नाही."

"असू दे," मागून आई म्हणायची.

फडताळाच्या एका खणात तिनं देव मांडले होते. उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून नुसतं निरांजन. हात जोडून ती काहीतरी पुटपुटायची. "देवाला सांग जरा," मी कॉफी ढवळत म्हणायचे, "म्हणावं, ऊन पाठव."

"सांगते नं," ती डोळे न उघडताच म्हणायची.

या घराची तिला आधी गंमतच वाटली. आमच्याकडे गॅसची लाइन नाही. बागेत एक हिरवी टाकी आहे, तिच्यात तेल भरायला टँकर येतो, आणि त्यावर घर गरम होतं. तो आला तेव्हा आई पडद्याआडून बघत होती. तिला वासावरूनच कळलं. "हे तर रॉकेल हाय!" रॉकेलसाठी डबा घेऊन रेशनच्या रांगेत तिची कितीतरी वर्षं गेली होती. इथे एक माणूस गाडीतून येतो, नळी लावतो, हॅलो म्हणतो आणि जातो. "आणि रांग नाही?" तिनं दोनदा विचारलं. मग भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही लोकांनी ऊन भिंतीला टांगून ठेवलंय की."

ते टांगलेलं ऊन तिनं वायाही जाऊ दिलं नाही. नोव्हेंबरात एका सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि स्वयंपाकघरातून मिक्सरचा असा काही आवाज सुरू झाला की माझ्या मॅनेजरनं विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? आई मूगवड्या घालत होती. भिजवलेली मुगाची डाळ, आलं, मिरची, सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. माझ्या बेकिंगच्या ट्रेमध्ये तिनं ओळीनं वड्या घातल्या आणि ते ट्रे प्रत्येक रेडिएटरवर चढले. नवऱ्याच्या अभ्यासाच्या खोलीतही. तो रात्री घरी आला, वास घेत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, माझ्या कोटालाही मुगाचा वास यायला लागलाय. पेशंट भूक लागली म्हणतात."

"मग बरं झालं नं," आई म्हणाली. "भूक लागणं चांगलं लक्षण असतं."

मी हसले, पण मनात खट्टू होते. वड्या उन्हात वाळतात. अंगणात, पांढऱ्या धोतरावर. आईला असं टोपीमोज्यांत, भिंतीशी ओणवं होऊन वड्या उलटताना पाहिलं की मला वाटायचं, कुठे आणून टाकलं मी हिला.

जानेवारीत रस्ता पाण्याखाली गेला. नवरा हॉस्पिटलजवळच एका मित्राकडे राहिला आणि घरी आम्ही दोघीच उरलो. त्यात वीजही गेली. मी लाकडाची शेगडी पेटवली, मेणबत्त्या लावल्या, आणि आईनं तिच्या पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला. आम्ही रमी खेळायला बसलो. ती धडधडीत लबाडी करत होती. टाकलेला पत्ता पदराखालून परत उचलताना मी तिला पकडलं, तर म्हणते, "म्हाताऱ्या माणसाला सूट असते." लहानपणी याच बाईनं मला खेळात खोटेपणा केला म्हणून जेवणावरून उठवलं होतं. मी ते बोलून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण मी काही धड बसले नाही. दर डावानंतर उठायचे, टॉर्च घेऊन दार उघडायचे, पाणी उतरलं का बघायचे.

"बस नं जरा," ती म्हणाली. "सारखी काय उठून राहिली?"

"अगं, हा जानेवारी ढकलला पाहिजे कसातरी."

तिनं पत्ते पिसले. "ढकल बाई," ती म्हणाली. "तुझ्याजवळ पुष्कळ हायेत."

फेब्रुवारीत गल्लीच्या टोकाची म्हातारी शेजारीण दारात आली. तिच्या हातात छोट्या कुंडीत पांढरी फुलं होती, मान खाली घातलेली. बर्फातून वर येतात ती, हिवाळा संपत आल्याची पहिली खूण. तिनं कुंडी आईच्या हातात दिली, तिचा हात थोपटला आणि म्हणाली, "नॉट लाँग नाऊ, लव्ह."

"काय म्हणते ती?" आईनं मला विचारलं.

"म्हणते, आता फार दिवस राहिले नाहीत."

आईचा चेहरा उतरला. तिनं मान हलवली, कुंडी देवांपाशी नेऊन ठेवली आणि आत जाऊन पडली. मला वाटलं, एवढ्याशा फुलांनी तिची निराशा झाली. मी दाराशी जाऊन सांगितलं, "ही काहीच नाहीत गं, खरी मजा पुढेच आहे."

"हो," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पुढे हाय नं."

त्याच महिन्यात एकदा ऊन पडलं. खरंखुरं, पिवळं, गवतावर सावल्या पाडणारं. मी मीटिंग अर्धी सोडून धावत आले. "आई, चल, चल, लवकर! टेकडीपर्यंत जाऊ." आईनं मोजे घालायला सुरुवात केली. एक मोजा उलटा निघाला. तो तिनं सुलटा केला. मग दुसरा सापडेना. मग कानटोपी. मग कानटोपीवरून मफलर. मग म्हणाली, चष्मा बदलते, लांबचा लावते. आम्ही दारात पोचलो आणि सूर्यावर ढग आला. मी अक्षरशः पाय आपटले, पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही असे.

"असू दे," आई मफलर सोडत म्हणाली. "चहा टाक."

मार्च आला. बागेत डॅफोडिल्सच्या कळ्या वर आल्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. मी त्यांच्यावर रोज ओरडायचे. त्यात एका शुक्रवारी बर्फ पडला. शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे करतात. मी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ फिरवत होते आणि आई खालून बघत होती.

"म्हणजे माझा एक तास गेला?"

"हो, पण संध्याकाळी उजेड जास्त."

"उजेडाचं काय करू," ती म्हणाली. मी घड्याळ फिरवण्याच्या नादात होते, ते वाक्य ऐकून सोडून दिलं.

मंगळवारी तिचं विमान होतं. हीथ्रोपर्यंत वायपर चालू होते. बॅगेत तिनं गरम कपडे नेले नाहीत, माझ्यासाठी ठेवले. मी गाडी चालवत होते. सहा महिने मी तिला एकच गोष्ट कबूल केली होती आणि तीच झाली नव्हती.

"सॉरी आई. काहीच दाखवता आलं नाही तुला."

"असू दे गं."

विमानतळावरची एक मुलगी व्हीलचेअर घेऊन आली. आई बसली, मांडीवर पर्स नीट ठेवली, मागे वळून म्हणाली, "येते हं." आपल्याकडे कोणी 'जाते' म्हणत नाही, कितीही कायमचं असलं तरी. मी मान हलवली आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसून खूप रडले.

तिला जाऊन पुरते दोन आठवडेही झाले नसतील. एका सकाळी पडदा ओढला आणि सगळं बाहेर उभं होतं. डॅफोडिल्स फुललेले, काटेरी कुंपणं पांढरीशुभ्र, समोरच्या शेतात कोकरं, आणि ऊन. मला आनंद व्हायच्या ऐवजी संतापच आला. एवढं दहा-बारा दिवस आधी यायला काय झालं होतं?

चपलांवरच बाहेर पडले आणि नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कूलरची घरघर चालू होती. आईनं फोन कपाळाला लावल्यासारखा धरला होता, मला अर्धाच चेहरा दिसत होता. मी तिला सगळं दाखवलं. कुंपण, कोकरं, टेकडीवरचा रस्ता. शेजारणीनं कुत्र्यासकट हात हलवला.

"बघितलंस?" मी धापा टाकत म्हटलं. "हे दाखवायचं होतं. आता कळलं मी इथं का राहते?"

"छान हाय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू घरात कधी जाशील?"

"का?"

"ते स्वयंपाकघर दाखव नं. माझी खुर्ची."

मी आत गेले आणि फोन फिरवला. खुर्ची, फडताळ, रेडिएटर. ती खूप वेळ बघत राहिली. कोकरांकडे तिनं एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

"आई, तू नाराज झालीस ना? वसंत आला नाही म्हणून?"

"नाराज?" ती म्हणाली. "मी तर रोज देवाला सांगत होते, राहू दे अजून थोडा हिवाळा. ऊन आलं की मला जाणं होतं नं. ते ऊन तर माझं तिकीट होतं. तू खिडकीत म्हणायचीस, आजही नाही. मी म्हणायचे, असू दे."

मी फोन फडताळाला टेकवून उभा केला.

"ऊन आलं असतं तर तू मला गाडीत घालून गावभर हिंडवलं असतंस. या थंडीनं तुला घरात बसवून ठेवलं, माझ्यापाशी. मी काय झाडं बघायला आले होते?"

"आणि ते मोजे?"

"मोजे मुद्दामच," ती म्हणाली, आणि पत्ते खेळताना हसली होती तशी हसली.

"पण तू विचारलं होतंस, मी इथं का राहते."

"ते तर दिवाळीच्या आतच कळलं. दुःखी माणूस हवामानावर एवढा चिडत नसते. त्याला ऊन असलं काय, नसलं काय." मग तिकडे कोणी तरी दारात आलं आणि तिनं फोन ठेवला.

मी तिच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मला गेलेला हिवाळा परत हवा होता. तो जानेवारी, पाण्याखालचा रस्ता, मेणबत्त्या, आणि ते सगळे डाव, या वेळी उठून दाराशी न जाता.

दुपारी पुन्हा ढग आले आणि पाऊस लागला. नवऱ्याचा हॉस्पिटलातून फोन आला. तिकडेही अंधारून आलं होतं, आणि तो बिचारा माझ्यासाठी हळहळत होता. "अरेरे," म्हणाला, "एवढी वाट पाहिलीस, आणि एकच सकाळ."

कपाटात वड्यांचा डबा होता. मी तो काढून मांडीवर घेतला.

"असू दे," मी म्हटलं.